चार दहा ते चार एकवीस

"टॅब कुठं आहेत?" मी विचारलं.

मगदूमबाईंनी कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली निवडून कपाट उघडलं. आमच्या कंपनीनं दिलेले तीन टॅब दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून, एकावर एक रचून ठेवले होते. लग्नातला आहेर जपून ठेवतात तसे.

"असे गुंडाळून का ठेवलेत?"

"हळद बसू नये म्हणून. महागाच्या वस्तू हाइत. उद्या काय झालं तर यायचं माझ्या अंगावर."

"अहो, पण ते वापरायला दिलेत."

"वापरून बघितलं की आठ दिस. चला, दाखवते."

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत भरतेश चौगुले यांचा मसाल्याचा कारखाना होता. हळद आणि मिरची दळायची, पाकिटात भरायची आणि देशभर पाठवायची. चौगुल्यांना सगळे अण्णा म्हणत. इंदुमती मगदूम तिथल्या क्वालिटी सुपरवायझर. त्याच्या एकोणीस वर्षं आधी त्या तिथं पाकिटं चिकटवायला लागल्या होत्या, आणि आता भरणा विभागातून एकही खोकं त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडत नव्हतं. "माझ्या लायनीवरनं आजवर एक खडा बाहेर गेलेला न्हाई," असं त्या पहिल्या पाच मिनिटांतच मला ऐकवून मोकळ्या झाल्या होत्या.

मी, हर्षल तोडकर, पुण्याहून आलो होतो. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी कस्टमर सक्सेस मॅनेजर होतो. हुद्दा ऐकून बार्शीच्या माझ्या मामांनी पेढे वाटले होते. हाताखाली एक माणूस नव्हता ते त्यांना कशाला सांगा. काम एवढंच, की विकणाऱ्यांनी सॉफ्टवेअर विकून काढता पाय घेतला की गिऱ्हाईक ते वापरतंय ना हे मी बघायचं, आणि वर्ष संपताना त्यानं पुन्हा सही करावी म्हणून आधीपासून गोड बोलत राहायचं. कोण किती वापरतंय ते ऑफिसातल्या एका तक्त्यावर दिसे. दहातले आठ जण रोज लॉगिन करत असतील तर गिऱ्हाईक हिरवं, चारांहून कमी असतील तर लाल. माझी दोन गिऱ्हाइकं त्या वर्षी सोडून गेली होती. चौगुले लाल होते आणि त्यांचा करार मार्चअखेर संपत होता. निघताना माझी बॉस नंदिता कामथ म्हणाली होती, "हर्षल, तिसरं गेलं तर मी तुला वाचवू शकणार नाही." आवाज न चढवता म्हणाली.

भरणा विभागात सहा लायनी होत्या. प्रत्येक लायनीच्या शेवटी एक मेटल डिटेक्टर. भरलेलं पाकीट पट्ट्यावरून त्याच्यातून जायचं, आत लोखंड किंवा स्टीलचा कण असला की यंत्र ओरडून पट्टा थांबवायचं. पण यंत्र स्वतः शुद्धीवर आहे की नाही हेही बघावं लागतं. त्यासाठी दर तासाला प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवलेला धातूचा बारीक गोळा त्यातून मुद्दाम सोडायचा. याला तिथं 'तुकडा सोडणं' म्हणत. यंत्र ओरडलं की चाचणी झाली. ती चाचणी लायनीवरच्या बाईनं स्वतःचा चार आकडी पिन टाकून टॅबवर नोंदवायची, एवढंच आमचं सॉफ्टवेअर. पुण्यात बसून ते फार सुंदर वाटायचं.

"रुक्साना, साहेबांना नोंद करून दाखव," बाई म्हणाल्या.

तीन नंबरच्या लायनीवरची रुक्साना पुढं आली. तिनं हातमोज्यातलं बोट टॅबवर टेकवलं. टॅब ढिम्म. तिनं पुन्हा टेकवलं, मग घासलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, हातमोजा काढा. तिनं काढला. बोटाला हळद होतीच, सगळ्या हवेतच होती. पडद्यावर पिवळा पट्टा उमटला आणि भलतंच पान उघडलं. तिनं ते ओढणीनं पुसलं, तर तिसरंच उघडलं. एवढ्यात मागं पट्ट्यावर पाकिटांचा ढीग झाला.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "हातमोजा काढला तर अण्णा वरडतात, न्हाई काढला तर तुमचं यंत्र ऐकत न्हाई. बटनाचं काहीतरी द्या की हो. दाबलं की टक् करून वाजणारं."

मी ते लिहून घेतलं. ऑफिसात कळवलंही. नंदितानं उत्तर पाठवलं, की बटणांचा संच हा वेगळा माल आहे, तो वेगळा विकायचा. लाल गिऱ्हाइकाला नवीन काही विकत नाहीत, आधी वापर वाढव.

दुपारी लायनी मदतनिसांवर सोपवून मी लायनींवरच्या सहा जणी आणि मगदूमबाई अशा सात जणींना बसवून पुन्हा ट्रेनिंग दिलं. प्रोजेक्टर मी पुण्याहून उचलून नेला होता. मी रंगात येऊन बोलत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. मगदूमबाई माझ्या वाक्याच्या मध्येच उठल्या. त्यांच्यामागं बाकीच्या सहा जणी. मी आणि प्रोजेक्टर दोघंच उरलो. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर बाई एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत चालत होत्या, प्रत्येकीला तुकडा सोडायला लावत होत्या, यंत्र ओरडलं की मान हलवून पुढं. चार नंबरचं यंत्र जरा हळू ओरडलं तर पुन्हा सोडायला लावला. मग लाल कापडी बांधणीच्या एका लांबड्या वहीत वेळ लिहून प्रत्येकीची सही घेतली.

"पाच मिनिटं थांबला असता तुकडा," मी म्हणालो. मला राग आला होता.

"त्या पाच मिनिटांत किती पाकिटं गेली असती, ठावं हाय? दोनशे." आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. "हां, बोला. कुठवर आला होता?"

माझ्या डोक्यात तेव्हाच ती कल्पना आली. ही बाई काम चोख करते, वेळ चोख लिहिते. फक्त लिहिते ती वहीत. वहीतलं टॅबवर गेलं की माझा तक्ता हिरवा. मला अगदी देव पावल्यासारखं झालं.

ट्रेनिंग संपल्यावर मी त्यांना म्हणालो, "बाई, एक करा. दिवसभर वहीतच लिहा. चार वाजताची शेवटची चाचणी झाली की हात धुवून तुमच्या टेबलापाशी बसा आणि वहीतलं सगळं टॅबवर चढवा."

"माझ्या पिननं?"

"नाही, ज्या त्या बाईच्या पिननं. तुमच्या एकटीच्या पिननं केलं तर एकच माणूस वापरतंय असं दिसतं."

बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावानं?"

"चाचणी त्यांनीच केलेली. वेळ खरी. तुम्ही फक्त लिहून देताय. बँकेत एखाद्या म्हातारीची स्लिप भरून देतो ना आपण, तसं."

"पण आत्ताच तर माझी सही घेतलीसा कागदावर. ज्यानं त्यानं सोताच्याच पिननं म्हणून."

"तो कागदापुरता कागद आहे."

"चालतंय काय असं?"

"मी सांगतोय ना."

तरी त्यांचं मन घेत नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं, "साहेब, तुमाला एवढी घाई कशाची?" आणि मी, कोण जाणे का, त्यांना खरं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं गेली, हे तिसरं गेलं तर माझी नोकरी जाईल, घरी बायकोला सहावा महिना आहे. शेवटचं सांगताना माझा आवाज थोडा जास्तच पडला असावा. खरं होतं ते, पण मी ते वापरलं.

"मग असं सांगा की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कायतरी कॉम्प्युटरचं हाय." आणि त्यांनी वहीच्या मागच्या पानावर सहा जणींचे पिन लिहून घेतले.

पंधरा दिवसांत चौगुले हिरवे झाले. नंदितानं सगळ्यांसमोर विचारलं, हर्षलनं असं काय केलं? मी म्हणालो, माणसांशी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये कराराआधी अण्णांबरोबर बैठक ठरली. बैठकीनंतर अण्णा स्वतः लायनीवर चक्कर मारणार होते. आदल्या दिवशी मी कुपवाडला पोचलो तो थेट बाईंकडं गेलो.

"त्या वह्या उचलायला लागतील."

"का?"

"अण्णांना वही दिसली तर म्हणतील, वहीत चाललंय तर सॉफ्टवेअरला कशाला पैसे मोजायचे? झालं, मग सगळंच गेलं."

"मग लिहायचं कशावर?"

"कशावरही लिहा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहा. चार वाजता चढवलं की पुठ्ठा फेकून द्या. नोंद टॅबमध्ये आहे की आता, कायमची."

"आणि जुन्या वह्या? साताठ वर्षांच्या हाइत."

"आता लागणार कुणाला त्या?"

बाईंनी कपाटातल्या वह्यांवरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला आले तेव्हा कपाट रिकामं होतं आणि तिन्ही टॅब पिशव्यांतून बाहेर काढून लायनींवर मांडले होते. वह्या बॉयलरमध्ये गेल्या हे मला नंतर कळलं. अण्णा खूश झाले. कागद बंद केल्याबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं आणि दोन वर्षांच्या करारावर सही केली. मी बाईंकडं पाहून हात जोडले. बाई हसल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि एप्रिलमध्ये मुलगी झाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. "तोडकर, उद्या या. सगळी नोंद घेऊन या."

बंगळूरच्या एका मोठ्या हॉटेल कंपनीला चौगुल्यांची हळद जायची. त्यांच्या स्वयंपाकघरात एका पाकिटात चाळणीच्या तारेचा अर्ध्या इंचाचा तुकडा सापडला होता. बारीक तार ठराविक कोनात गेली तर ती मेटल डिटेक्टरला कळत नाही, हे यंत्र बनवणाऱ्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणजे चाचण्या चोख होऊनही ती तार निसटली असेल. पण त्यासाठी चाचण्या चोख झाल्या होत्या हे दाखवावं लागणार होतं. हॉटेल कंपनीनं मूर्ती नावाचा तपासनीस पाठवला होता. ज्या दिवशी ते पाकीट भरलं त्या दिवसाची नोंद त्याला हवी होती.

मी आदल्या संध्याकाळी ऑफिसात ती काढली. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीबरोबर दोन वेळा जपून ठेवतं. एक, चाचणी किती वाजता केली म्हणून माणूस लिहितो ती. दुसरी, नोंद प्रत्यक्षात कधी आणि कुठल्या टॅबवरून झाली ती. दुसरी वापरणाऱ्याला दिसत नाही. त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार, सहा लायनींच्या मिळून अठ्ठेचाळीस चाचण्या होत्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नोंदी एकाच टॅबवरून, चार वाजून दहा मिनिटं ते चार वाजून एकवीस मिनिटं, एवढ्या वेळात झालेल्या होत्या.

बाईंना ही दुसरी वेळ माहीत नव्हती. मला होती. जानेवारीत त्यांना "मी सांगतोय ना" म्हणालो तेव्हाही होती. ती कुणी बघत नाही हेही मला माहीत होतं.

मी नंदिताला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी सगळं. ती म्हणाली, "तू लेखी काही दिलंयस तिला? मेल, मेसेज?"

"नाही. तोंडी."

"मग ऐक. आपण लॉग द्यायचा, नोंदी आहेत तशा. मत द्यायचं नाही. आणि ट्रेनिंगच्या सह्यांचा कागद बरोबर ने."

अण्णांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. अण्णा, मूर्ती, मी, आणि दाराशेजारच्या खुर्चीवर मगदूमबाई. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या आणि घाबरलेल्या अजिबात नव्हत्या. उलट मला पाहून त्यांना बरं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आलो म्हणजे आता उलगडा होणार, असं त्यांना वाटत होतं.

मूर्तीनं कागद वाचले. हिंदीत अण्णांना म्हणाला, की अकरा मिनिटांत अठ्ठेचाळीस चाचण्या होत नाहीत, अकरा मिनिटांत अठ्ठेचाळीस खोट्या नोंदी होतात. अण्णांचा चेहरा उतरला.

"इंदूबाई, हे काय हाय?"

"अण्णा, टेस्ट तासाला झाल्यात. ज्या त्या येळेला. मी सोता लायनीवर हुभी हुते. चढवल्यात तेवढ्या चारनंतर."

"दुसऱ्यांच्या पिननं?"

"व्हय."

"मग तासाला झाल्या त्याचं लिहिलेलं काय हाय काय? वही, कागद, कायतरी?"

"पुठ्ठ्यावर लिवत होतो. चढवलं की टाकून द्यायचो."

"आणि आधीच्या वह्या?"

"जाळल्या."

मूर्तीला मराठी येत नव्हतं, पण 'जाळल्या' त्याला कळलं. त्यानं पेनाचं टोपण लावून ठेवलं. लायनीवरच्या बायकांना बोलवा, त्या सांगतील, असं बाई म्हणाल्या. अण्णांनी ते मूर्तीला हिंदीत सांगितलं. त्यांच्याच पिननं खोट्या नोंदी झाल्या आहेत, त्यांचं काय ऐकायचं, असं तो म्हणाला. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

अण्णा माझ्याकडं वळले. "तोडकर, हे असं करायला हिला तुमच्याकडनं कुणी शिकवलं काय?"

खोलीत एसीचा आवाज येत होता. बाई माझ्याकडं बघत होत्या. अगदी निवांत, कारण उत्तर काय येणार ते त्यांना माहीत होतं.

मी बॅगेतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "आमच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येकानं स्वतःच्याच पिननं, चाचणीच्या वेळीच नोंद करायची असं सांगितलेलं आहे," मी म्हणालो. "खाली सगळ्यांच्या सह्या आहेत."

मी खोटं बोललो नव्हतो. त्या कागदातला शब्दन् शब्द खरा होता.

अण्णांनी सह्या पाहिल्या. तिसरी सही बाईंची होती, पूर्ण नावाची, एकेक अक्षर सुटं. "इंदूबाई," ते म्हणाले, "ही सही तुमचीच न्हवं? मग कुणी सांगितलं तुमाला हे असलं करायला?"

 बाई अजून माझ्याकडंच बघत होत्या, पण आता त्या बघण्यात फरक पडला होता. त्यांनी मला वेळ दिला. मला तो वेळ आजही कळतो, पाच-सहा सेकंदांचा असेल. मी समोरच्या कागदाची कडा टेबलाच्या कडेला लावून सरळ करत बसलो.

"कुणी न्हाई," बाई म्हणाल्या. "माझं मीच केलं. पण टेस्ट झाल्यात, अण्णा."

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना ती बाई एकोणीस वर्षं माहीत होती आणि मला वाटतं, त्यांचा तिच्यावर विश्वासही होता. पण समोर मूर्ती बसला होता, आणि कारखान्याचा तिसरा हिस्सा माल त्याच्या कंपनीला जात होता. कोणावर कारवाई करणार, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले, "उद्यापासनं येऊ नका, इंदूबाई." बाई उठल्या. जुडगं कमरेचं काढून टेबलावर ठेवलं आणि दार हळू ओढून घेऊन गेल्या.

मी पण उठणार होतो. अण्णा म्हणाले, "बसा. परत असं होऊ नये म्हणून तुमच्याकडं काय हाय काय?"

होतं. चाचणीनंतर दहा मिनिटांत नोंद झाली नाही तर ती घेतच नाही, असं एक जास्तीचं मॉड्यूल होतं. आणि त्याच्या जोडीला हातमोजे घालून दाबता येणारी बटणं होती. टक् करून वाजणारी. मी तिथंच मूर्तीसमोर दोन्ही दाखवली. मूर्तीनं मान डोलावली, अण्णांनी हो म्हटलं. दोन आठवड्यांत सहाही लायनींवर बटणं बसली. बसवायला मी गेलो नाही, दुसऱ्याला पाठवलं.

त्या तिमाहीला माझा सत्कार झाला. अडचणीतलं गिऱ्हाईक नुसतं टिकवलं नाही, वाढवलं, असं नंदिता बोलली आणि काचेचं एक मानचिन्ह माझ्या हातात दिलं. मला लाज वाटली. मी ते घेतलं, फोटोत हसलो, आणि संध्याकाळी बायकोला दाखवताना ही सगळी हकिकत सोडून बाकीचं सांगितलं.

ऑक्टोबरात एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास खालून सिक्युरिटीचा फोन आला. "साहेब, कोणी इंदुमती मगदूम आल्यात. सांगलीहून."

वर पाठवू का, असं त्यानं विचारलं. मी घाईघाईनं नको म्हणालो आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली आलो.

बाई गेटपाशी उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पायांत नवीन चप्पल. पहाटेच्या एसटीनं निघाल्या असणार. मी त्यांना समोरच्या चहाच्या दुकानात नेलं. आमच्या ऑफिसातली मंडळी तिथंच येतात, हे बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मुलगी कशी हाय?" त्यांनी आधी विचारलं.

"बरी आहे."

"दात आले?"

"दोन आलेत."

चहा आला. त्यांनी कप बशीसकट जवळ ओढला, पण प्यायल्या नाहीत. "मिरजेकडं एक लोणच्याचा कारखाना हाय," त्या म्हणाल्या. "तिथं सुपरवायझर पाहिजे. मी गेलेते. नाव सांगितलं तर त्यो माणूस म्हणाला, तुमीच न्हवं त्या, खोट्या नोंदीवाल्या? कुपवाडात सगळ्यांस्नी म्हाईत झालंय. दुसऱ्या दोन ठिकाणी बी असंच झालं."

मी चहावरची साय चमच्यानं बाजूला केली.

"म्हणून आले. तुमी एक कागद द्या. कंपनीच्या शिक्क्याचा. तुमी सांगितलं हुतं, असं लिवू नका. त्यात माझं काय म्हणणं न्हाई, तुमची नोकरी हाय, लेकरू हाय. एवढंच लिवा, की टेस्ट येळेवर हुत्या, मी डोळ्यांनी बघितल्यात. तुमी बाहेरचं माणूस, तुमचं ऐकतील."

त्यांनी वाक्यं एसटीत बसून जुळवली असावीत. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

मी सांगू लागलो. कंपनीच्या कागदावर काही द्यायचं तर वकिलांना विचारावं लागतं, आपल्या हातात नसतं, एकदा लॉग दिला की त्याविरुद्ध काही बोलता येत नाही, तरी मी बघतो, वर बोलून बघतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. 'बघतो' म्हणायचं. आमच्यातल्या कुणीही ऐकलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं, की हे होणार नाही. बाईंनाही कळलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उगं तुमाला घोर."

त्यांनी थंड झालेला चहा एका दमात संपवला, पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं उठतील. माझं एक मन त्याचीच वाट बघत होतं, हेही लिहून टाकतो. पण त्या बसून राहिल्या. पिशवीच्या बंदाला पीळ देत बसल्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुमी आला हुता तवा, तीन वाजता, मी उठून गेलेते. सहाच्या सहा लायनींवर तुकडा सोडायला लावला. तुमी मागं येऊन हुभे हुता." त्यांनी पिळलेला बंद सोडला. "बघितलं हुतं न्हवं तुमी?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"कागद नको. कुणाला सांगू बी नका. फक्त मला सांगा. सगळी म्हणतात टेस्ट झाल्याच न्हाईत, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई. आमच्यातले बी म्हणाय लागलेत, की असंल, दमून एखाद्या येळी ऱ्हायलं असंल. मी रोज आठवून बघते. आता मलाच कळंना झालंय, हुत्या का नव्हत्या."

एकोणीस वर्षं घड्याळाचा काटा न चुकवलेली बाई मला हे विचारत होती. कागद लागत नव्हता, शिक्का लागत नव्हता, वकील लागत नव्हता. एक 'हो' पाहिजे होता, तोही तिच्यापुरता.

मी आधी मागं वळून पाहिलं, ऑफिसातलं कुणी आलंय का ते. कुणी नव्हतं. मग म्हणालो, "पाहिलं होतं."

पण बाईंनी मला मागं वळताना पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि मला उठू नका अशी हातानं खूण करून रस्त्याला लागल्या.